शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांची नावं लिहून घ्या
पुणे, पिंपरी-चिंचवड आणि मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) पास्टरेट कमिट्यांना, म्हणजे कारभार बघणाऱ्या कमिट्यांना, खुले पत्र

ख्रिस्तात प्रिय पाळकसाहेब, कमिटीतले भाऊ-बहिणी आणि वडील मंडळी यांस,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

मी कधी कमिटीवर नव्हते. महिला मंडळात आहे, उपासनेनंतरच्या चहाचं बघते आणि गुरुवारची घरसभा आमच्याकडे असली की सतरंज्या घालते. त्यामुळे ठराव कसा मांडतात, विषयपत्रिकेवर मुद्दा कसा घेतात, हे मला येत नाही. जे सांगायचं ते सरळ लिहिते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीत येणारे एक काका वारले. परभणीकडचे होते, एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन. रविवारी सकाळी ड्यूटी सुटली की खाकी पँटवरच यायचे. उपासनेला अर्धा तास असायचा, तेवढ्यात आवारात पडलेला बदामाचा पाला झाडून एका कडेला लावायचे आणि मग दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचे. गीतांचं पुस्तक हातात घ्यायचे, पण उघडायचे नाहीत. वाचता येत नव्हतं. ध्रुपद मात्र पाठ होतं. अकरा वर्षं ते असे आले. बाप्तिस्मा झाला नव्हता. बायको-मुलं गावी, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटायच्या, वेळी काका उठून बाहेर जायचे आणि संपलं की परत येऊन बसायचे. कोणी त्यांना जा म्हटलं नव्हतं, बसा असंही म्हटलं नव्हतं.

ते गेले तेव्हा मुलाचा फोन आला. तो म्हणाला, बाबा नेहमी सांगायचे की माझं काही झालं तर चर्चला कळवा. काकांची इच्छा आपल्या दफनभूमीत पुरण्याची होती. संध्याकाळी कमिटी बसली. रजिस्टर काढलं. बाप्तिस्म्याची नोंद नाही, दृढीकरण (मोठेपणी विश्वास जाहीर करायचा विधी) नाही, आधीच्या मंडळीने दिलेलं सभासदत्वाचं पत्र नाही, वर्गणीची पावती नाही. दफनभूमीत जागा किती कमी उरली आहे हे मला ठाऊक आहे. माझ्या सासऱ्यांना त्यांच्याच भावाच्या कबरीत ठेवावं लागलं. नियम कशासाठी केलेत तेही कळतं. त्यामुळे कमिटीने नाही म्हटलं याचा राग धरून मी हे लिहीत नाही.

लागलं ते वेगळंच. बोलणं चालू असताना एका भावाने सहज विचारलं, "पण त्यांचं नाव काय?" आणि खोलीत बसलेल्या तेरा जणांपैकी नाव दोघांनाच माहीत होतं. त्यातली एक मी, दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. मलाही पूर्ण नाव येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या स्मशानात विद्युतदाहिनीसमोर आम्ही नऊ जण होतो. पाळकसाहेब झगा न घालता, साध्या शर्टावर आले आणि त्यांनी प्रार्थना केली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही आणि म्हणून हे पत्र. आपल्या मंडळ्यांत माणसाला आपलं म्हणायच्या आधी आपण त्याचा कागद बघतो. हे उलटं व्हायला हवं. आधी माणूस आत यावा, कागद मागून येईल तेव्हा येवो.

मी स्वतः त्या शेवटच्या बाकावर बसलेली आहे. लग्न होऊन 2001 साली नेवाशाकडच्या एका खेड्यातून भोसरीला आले. नवरा कंपनीत, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी. चाळीत दहा बाय बाराची खोली. गावात आमचं सगळं मंडळीच्या भोवती होतं. शब्बाथ शाळा (मुलांची रविवारची धर्मशाळा), नाताळच्या आधी घरोघरी करंज्या-शंकरपाळ्या, आणि पिकाचा सण. पिकाच्या सणाला लोक बाजरीचं ठिकं, भोपळा, कोंबडी, अंडी, जे असेल ते वेदीपुढे आणून ठेवायचे आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. एका म्हातारीने एकच लिंबू आणलेलं मला आठवतं. ते लिंबू एकाने घेतलं की तो परत देवाला द्यायचा, मग दुसरा बोली लावायचा. असं ते सात-आठ वेळा विकलं गेलं. म्हातारी पदर डोळ्याला लावून बसली होती. तिच्या लिंबाचं दान त्या वर्षी सगळ्यांत मोठं झालं. मला लहानपणी वाटायचं की मंडळी म्हणजे हेच, तुझं लिंबू वाया जाऊ न देणारी माणसं.

शहरात आल्यावर दुसऱ्या रविवारी दोन बस बदलून एका मोठ्या मराठी मंडळीत गेले. नाव घेत नाही. दारात एका काकांनी गोड हसून विचारलं, "कुठल्या तुम्ही? आडनाव काय?" मी सांगितलं. त्यांनी आडनाव मनात चाळलं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मग म्हणाले, "मंडळीचं पत्र आणलंय का?" मी आणलं नव्हतं. आमच्या पाळकांना पत्र मागायचं असतं हे आईने सांगितलं होतं, निघायच्या गडबडीत राहून गेलं. ते म्हणाले, "मग पुढच्या वेळी आणा." बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण मी जवळजवळ सहा महिने तिथे गेले आणि त्या सहा महिन्यांत दुसरा प्रश्न मला कोणी विचारला नाही.

आडनावाबद्दल बोलायला हवं, कारण आपण त्यावर बोलत नाही. आपल्यातल्या बहुतेकांना आडनाव ऐकलं की कळतं, याचा पणजोबा कुठून आला. महारवाड्यातून, मांगवाड्यातून, की बामणआळीतून. सोयरीक जमवताना तर कळावं म्हणूनच विचारतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षं झाली, आपल्या खापरपणज्या-पणजोबांनी ज्या गोष्टीपासून सुटका मागितली तीच आपण देवळाच्या दारात उभी करतो. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढे बसवणाऱ्या आणि मळक्या कपड्यांतल्याला तिथे उभा राहा म्हणणाऱ्या मंडळीचा समाचार घेतलाय. तो उतारा आपण दरवर्षी वाचतो.

मला मंडळी सापडली ती नळावर. चाळीत पहाटे पाचला पाणी यायचं. हंडा भरेपर्यंत मी आईच्या तोंडचं एक भजन गुणगुणत होते. तिसऱ्या दारातल्या मावशींनी बादली खाली ठेवली. "नगरकडची का गं तू? हे भजन आमच्या आईचं." मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "गुरुवारी सात वाजता ये. बाळ घेऊनच ये. पोरं रडली तरी कोणी काही म्हणत नाही आपल्यात."

"आपल्यात". मला यायला अजून तीन दिवस होते आणि त्यांनी मला आधीच आत धरलं होतं.

त्या गुरुवारी एका खोलीत सोळा माणसं होती. पेटीच्या दोन पट्ट्या बसलेल्या, तरी चाळीतले एक काका ती वाजवायचे. कोरा चहा. त्यात दोन घरं हिंदू होती, एक बौद्ध. एक बाई फक्त नवऱ्याची दारू सुटावी म्हणून प्रार्थनेला यायच्या आणि तसं स्पष्ट सांगायच्या. कोणी मला पत्र मागितलं नाही. दीड महिन्यांनी माझ्या मुलीला जुलाब होऊन दवाखान्यात ठेवलं. नवरा रात्रपाळीला. तीन रात्री मावशी आणि त्या दारूवाल्याच्या बायको आळीपाळीने माझ्याजवळ बसल्या. सकाळी कोणाच्या ना कोणाच्या हातून डबा यायचा, भाकरी आणि मेथी, वर एक मिरची. घरी सोडल्यावर मी मावशींना म्हटलं, किती केलंत तुम्ही. त्या म्हणाल्या, "तुझी पाळी येईल तेव्हा तू कर." माझी पाळी पुढे पुष्कळदा आली आणि मी केलं. आज मी जी कोणी आहे ती त्या खोलीमुळे आहे. रजिस्टरवर नाव चढलं ते त्यानंतर दोन वर्षांनी, गावाहून पत्र आणल्यावर.

तुम्ही म्हणाल, एका चाळीतली गोष्ट सांगून मंडळ्यांचे नियम बदलत नाहीत. पण ही पद्धत मी शोधलेली नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांचा जुना मार्ग हाच आहे.

कवी रेव्ह. नारायण वामन टिळकांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो. त्यांचा बाप्तिस्मा 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा? त्यानंतर पाच वर्षांनी. मधली कितीतरी वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या आणि नगरला आल्यावरही त्यांनी आपलं सोवळं आणि वेगळा स्वयंपाक काही काळ सांभाळला. मन वळायचं ते रोजच्या राहण्यातून, शेजारातून वळलं. कल्पना करा, नगरला त्या पहिल्या दिवशी कोणी त्यांच्यापुढे रजिस्टर धरलं असतं तर.

आणि टिळकांनी शेवटी काय केलं ते आपण फार कमी सांगतो. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारची येशूची माणसं एका कुटुंबात बसावीत, ही त्या दरबाराची कल्पना होती. त्यांना पुढे फार वेळ मिळाला नाही. 9 मे 1919 ला ते गेले. दरबार त्यांच्यामागे वाढला नाही. पण ज्या माणसाच्या शब्दांनी आपण देवाची स्तुती करतो त्याने आयुष्याच्या शेवटी शेवटच्या बाकावरच्यांसाठी घर मांडलं होतं, हे आपल्या पोरांना शब्बाथ शाळेत का शिकवत नाही आपण?

जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल हे गावही मला त्याच रांगेतलं वाटतं. ते स्वतः ब्राह्मण घरातले. निजामाच्या राज्यात जमीन मिळवून त्यांनी अशा माणसांसाठी गाव उभं केलं ज्यांना जन्मभर गावकुसाबाहेर ठेवलं होतं. त्यांच्यासाठी मंडळीचा पहिला अर्थ होता वेशीच्या आत जागा.

केडगावबद्दल तर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण ते माझ्या घरापर्यंत येतं. पंडिता रमाबाईंनी 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली-बायका घेऊन आल्या. दौंडच्या अलीकडे केडगावला त्यांनी जमीन घेतली होती. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. आलेल्या मुलींमध्ये विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, अंध होत्या. आधी अन्न, कपडा, अंथरूण. मग अक्षर, मग हाताला काम. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर केलं ते खेड्यातल्या साध्या बाईला कळावं अशा मराठीत, आणि ते मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, तोवर भाषांतराचं काम त्यांनी पुरं केलं होतं. ज्या हातांना कोणी भाकरी देत नव्हतं त्या हातांनी शास्त्राची अक्षरं जुळवली. मला यापेक्षा मोठं चिन्ह माहीत नाही.

माझी पणजी अशाच एका दुष्काळात मिशनच्या पोरक्या मुलींमध्ये वाढली, नगर जिल्ह्यात. तिला आईबापाचं गाव सांगता येत नव्हतं. तिच्याकडे कुठलं पत्र असणार? गावात पुढे आमच्या घराला 'दुष्काळी ख्रिस्ती' म्हणायचे, भाकरीसाठी बाटलेले. आजीला ते शेवटपर्यंत टोचायचं. मला आता टोचत नाही. भूक लागली होती, कोणीतरी जेवू घातलं, आणि ज्याने घातलं त्याच्याजवळ ती राहिली. यात लाजायचं काय आहे? प्रभू स्वतःच म्हणाला ना, मी भुकेला होतो, मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलं. मत्तयाचा 25वा अध्याय. म्हणून कोणी कमिटीत म्हणतं की "हे लोक मदतीसाठी येतात", तेव्हा मला माझी पणजी दिसते. हो, मदतीसाठी येतात. आपणही सगळे असेच आलो.

आता एक अडचण, जी तुम्ही मांडाल आणि जी खरी आहे. दिवस बरे नाहीत. अनोळखी माणूस आत बसवला तर उद्या कोणी म्हणेल, याचं धर्मांतर चाललं होतं. घरसभेवर सोसायटीतून तक्रारी होतात, आमच्याकडेही झाली. चेअरमन साहेब येऊन गेले, मी त्यांना आत बसवून चहा दिला आणि पेटीचा आवाज साडेआठनंतर बंद ठेवायचं कबूल केलं. भीती मलाही आहे. पण मी मागते आहे त्याने ती वाढत नाही. शेवटच्या बाकावरच्या माणसाला काही व्हा म्हणायचं नाही, कशावर सही घ्यायची नाही, बाप्तिस्म्याचा विषय काढायचा नाही. त्याने स्वतः काढला तर पाळकसाहेब आहेत, कायदा आहे, वेळ आहे. आपण फक्त विचारायचं, "चहा घेतलात का? राहायला कुठे?" सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या (येशूची आई मरिया हिच्या) यात्रेला जाऊन बघा. रांगेत बंजारा बाया असतात, मराठा घरं असतात, नवस फेडायला आलेले कोण कोण असतात. रांगेत कोणी कोणाला जात-धर्म विचारत बसत नाही. आम्ही प्रोटेस्टंट म्हणून लहानपणी तिकडे फारसे गेलो नाही, पण मोठेपणी गेले तेव्हा वाटलं की हे आपल्या रविवारला का जमू नये.

तुम्ही हे कराल अशी आशा मला आपल्याच इतिहासामुळे वाटते. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्यांनी आपापली पाटी उतरवून एक उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) केली. बाप्तिस्मा लहानपणी द्यायचा की मोठेपणी, यावरसुद्धा त्यांची मतं जुळत नव्हती. तरी त्यांनी दोन्ही रीतींना एका छताखाली जागा दिली. एवढ्या मोठ्या गोष्टीत जर तडजोड झाली, तर एका नोंदवहीत एक पान वाढवायला किती अवघड आहे?

कारण मी मागते आहे ते तेवढंच. सभासदांच्या रजिस्टरला हात लावू नका. मतदान, प्रभुभोजन, दफनभूमी, सगळे नियम आहेत तसे राहू द्या, त्यावर पुढे कधी बोलू. पण शेजारी एक साधी वही ठेवा. चार-सहा रविवार जो येतो त्याचं नाव, त्याची परवानगी घेऊन, तिच्यात लिहा. फोन नंबर, गाव, आजारी पडला तर कोणाला कळवायचं, एवढंच. आडनाव सांगितलं तर लिहा, नाही सांगितलं तर सोडून द्या. प्रत्येक नावापुढे मंडळीतल्या एका घराचं नाव असू दे, ज्याने त्या माणसाकडे महिन्यातून एकदा जायचं किंवा त्याला जेवायला बोलवायचं. नाताळच्या फराळाचा एक डबा त्या वहीतल्या प्रत्येकाकडे जावा. महिला मंडळाच्या वतीने डब्यांची जबाबदारी मी आजच घेते, बाकीच्या बहिणींशी बोलले आहे.

आणि मराठी उपासना महिन्यातून एकदाच ठेवायचा विचार काही ठिकाणी चालू आहे असं ऐकते, तो सोडून द्या. तरुण मुलं गिटार असलेल्या इंग्रजी उपासनेला जातात, खुशाल जावीत, माझी मुलगीही जाते. पण जालन्याहून, बीडहून कामाला येणारा माणूस, मुलाकडे राहायला आलेली म्हातारी, वसतिगृहातली नर्सिंगची पोरगी, यांना रडायचं असतं तेव्हा मराठीतच येतं. त्यांनी महिनाभर थांबायचं का?

काकांच्या मुलाला मी परवा फोन केला होता. तो म्हणाला, बाबांच्या पेटीत तुमच्या चर्चचं एक जुनं नाताळ कार्ड निघालं, मला वाचता आलं नाही, आत कोणीतरी हाताने लिहिलंय. मी त्याला वाचून घ्यायला सांगितलं. शेजारच्या पोराने फोनवर वाचलं. "काका, आवारातला पाला झाडता त्याबद्दल आभार. शब्बाथ शाळेची मुलं." आमच्यापैकी कोणा मोठ्या माणसाने त्यांना एक ओळ लिहिली नव्हती. मुलांनी लिहिली होती. ते कार्ड त्यांनी किती वर्षं जपलं कोण जाणे, तारीख नव्हती.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, मुलाने तशी विनंती केली आहे. पण ते आता मला पूर्ण माहीत आहे, वडिलांच्या नावासकट. ज्या दिवशी ती वही आणाल त्या दिवशी मला निरोप द्या. पहिल्या पानावर पहिली ओळ मी लिहीन.

तुमची बहीण,
भोसरीच्या चाळीतल्या घरसभेतून आलेली एक सभासद